पिवळी खात नव्हती

माझी बायको शकुबाई चैत्र संपता संपता गेली, आणि ज्येष्ठ लागला तेव्हा तिच्या धामणीनं खायचं सोडलं. सन चौऱ्याहत्तरची गोष्ट आहे. शकूच्या मागं तिचं म्हणावं असं जिवंत तेवढंच माझ्याजवळ उरलं होतं. लुगडी तिच्या आईनं वाटून टाकली होती. ती धामण मरू नये, एवढंच मला पाहिजे होतं. त्यापायी जे झालं ते लिहितो.

आमचं गाव पुसेगावपासून चालत तासाभराच्या वाटेवर. घर मातीचं, आणि मधल्या भिंतीत बळद. बळद म्हणजे दोन भिंतींच्या मधली धान्य ठेवायची अंधारी जागा. वरून ओतायचं, खालच्या भोकातून काढायचं. आमच्या बळदात उंदीर इतके झाले होते की ज्वारीबरोबर मूठभर लेंड्या निघायच्या. चार वर्षांमागं शकूनं बांधावरून धामणीचं एक पिल्लू पोत्यात घालून आणलं आणि बळदात सोडलं. तिच्या माहेरी आजोबाच्या वेळेपासून धान्यापाशी धामण असायची. मी उडी मारून ओसरीवर गेलो.

"अवं, माझ्या आईचं भ्या वाटलं न्हाई तुमाला, अन् हिचं वाटून राहिलं?" शकू म्हणाली.

"तुझी आई चावत न्हाई."

"तुमाला काय ठावं. मी ल्हानपण काढलंय तिच्यापाशी."

पिल्लाचं नाव तिनं पिवळी ठेवलं. चार वर्षांत पिवळी माझ्या उंचीपेक्षा हातभर लांब झाली. ती कोंडलेली नव्हती. भिंतीच्या बुडाशी भोक होतं, त्यातून परसात जायची, बांधावर जायची, परत यायची. शकू तिला उचलून गळ्यात घालून भाकरी थापायची. मी चार वर्षं तिला हात लावला नाही.

गावात सगळ्यांची समजूत अशी की धामण म्हणजे नागाची मादी. पोलीस पाटील अमृतराव दोनदा येऊन सांगून गेले, "कोंडीबा, मारून टाक तिला. तिच्या वासानं नाग येईल गल्लीत." शकू म्हणायची, "पाटील, चार वर्सं झाली, अजून जावई आला न्हाई. आला की पयलं तुमालाच बोलवते जेवाया." पाटील हसत नसत.

शकूचं मरण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

कुंपण घालताना तिच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. तिनं तो सुईनं काढला आणि वर शेण बांधलं. आठव्या दिवशी तिला भाकरी चावता येईना. नवव्या दिवशी दात घट्ट बसले, मान मागं ओढली गेली. सासूबाई, पार्वतीबाई, तेव्हा आमच्याकडंच होत्या. मी त्यांना मामी म्हणतो. मामी म्हणाल्या, दातखीळ बसली. आमच्याकडं बाया उन्हानं पडतात, भ्यानं पडतात, दातखीळ बसते. मग नाकाशी कांदा धरायचा, दातांत लोखंड घालून तोंड उघडायचं, पाणी पाजायचं. बाई उठते, पदर सावरते, कामाला लागते. हे गावात सगळ्यांना येतं. आम्ही तेच केलं.

मामीनं तिचं डोकं मांडीवर घट्ट धरलं. मी भाकरीचं उलथणं घेतलं आणि दातांच्या फटीत घातलं. उघडेना. मी गुडघा टेकून जोर केला. वरचा एक दात मोडला, मग त्याच्या शेजारचा. ओठ फाटला. फटीतून मामीनं गूळपाणी ओतलं. तसं शकूचं सगळं अंग कमानीसारखं वर उचललं गेलं. टाचा आणि डोकं तेवढं खाली टेकलेलं. पाणी नाकावाटे आलं, रक्त मिसळून. ती निळी पडत चालली. आम्हाला वाटलं पाणी कमी पडलं. मी पुन्हा उलथणं घातलं.

सेनगावहून मोहनसिंगची भाड्याची जीप आली तोवर संपलं होतं.

तेराव्यानंतर मी हिंगोलीला गेलो आणि एका डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, हा धनुर्वात. अशा माणसाला अंधारात गप निजवायचं असतं. नुसता हात लागला तरी झटका येतो. तोंडात तर काही घालायचंच नसतं.

"वाचली असती का?" मी विचारलं.

"ते सांगता येत नाही," तो म्हणाला. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही काही पाजलं होतं का?"

मी नाही म्हणालो.

खोटं बोलायची तोवर सवय झाली होती. शकूचा भाऊ तातेराव पुसेगावहून मातीला आला, तेव्हा त्यानं तिच्या तोंडावरचं लुगडं बाजूला केलं होतं. "दाजी, हिचे दात?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, उंबऱ्यावर पडली. मामी शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी लेकीच्या तोंडावर पदर ओढला आणि रडायला लागल्या. तातेरावानं पुढं विचारलं नाही. पण त्या दिवसापासून तो माझ्या हातांकडं बघायचा. मी तोंडावर मारून त्याची बहीण मारली असं तो धरून चालला होता. तसं गावात होत नाही असं नाही. आणि खरं सांगण्यापेक्षा मला ते बरं वाटत होतं.

शकू गेल्यावर मी पिवळीला हात लावायला शिकलो. कुणी शिकवलं नाही. पहिल्या वेळी वरून धरायला गेलो, तर ती वळून मनगटाला चावली. बारीक दात, ओरखड्यांची एक ओळ, रक्त मात्र बरंच आलं. शकूला ती कितीदा चावली होती, मला ठाऊक होतं. काही होत नाही. मग कळलं की वरून हात न्यायचा नाही. वरून घार येते. खालून, पोटाखालून हात सरकवायचा, दोन ठिकाणी आधार द्यायचा आणि थांबायचं. मग ती स्वतः हातावर चढते. शेपूट धरायची नाही. धरली तर घाण वासाचं पाणी सोडते.

महिनाभर मी तिला अशी सांभाळली. सापळ्यातला उंदीर टाकला की घ्यायची. मग एके दिवशी घेतला नाही. मला वाटलं कात टाकणार. कात टाकायच्या आधी तिचे डोळे दुधाळ व्हायचे आणि आठ-दहा दिवस ती खायची नाही. पण डोळे काचेसारखे साफ होते. आठ दिवस गेले, पंधरा गेले. मी एक जिवंत उंदीर तिच्यापाशी सोडून शेतात गेलो. परत आलो तर ती वेटोळं करून पडलेली आणि उंदीर तिच्या पाठीवर बसून मांस कुरतडत होता. ती हलत नव्हती. मी उंदराला शेपटीनं उचललं आणि भिंतीवर आपटलं. एकदा पुरलं असतं. मी भिंत लाल होईपर्यंत आपटत राहिलो. मामी चुलीपाशी होत्या. त्यांनी राखेचं टोपलं आणून माझ्या पायाशी ठेवलं.

पिवळीची पाठ धारेसारखी उतरली होती, हाड हाताला लागायचं. पण पोटाचा मागचा भाग जाड होता, गाठी गाठी लागायच्या. मला वाटलं आत काहीतरी अडकलं.

बाविसाव्या दिवशी तातेराव आला. त्याच्याबरोबर टोपली घेतलेला एक माणूस होता. लखमा त्याचं नाव. पुसेगावच्या बाजारात सापाचे खेळ करायचा.

"दाजी, मायनं निरोप धाडला व्हता," तातेराव म्हणाला. "पिवळी खाईना म्हनून."

"व्हय. बावीस दिवस झाले."

"मंग आमाला सांगाया तकलीफ काय व्हती?" तो ओसरीवर बसला. "पिंडाला कावळा दुपारपस्तोर शिवला न्हाई. आता ही खाईना. माझ्या बहिनीचं कायतरी ऱ्हायलंय. काय ऱ्हायलंय, ते तुमालाच ठावं."

लखमानं पिवळीला बळदातून बाहेर काढलं. त्याचा हात सराईत होता, ते मान्य करतो. त्यानं पोट चाचपलं, गाठी मोजल्यासारख्या केल्या.

"आतडं अडकलंय," तो म्हणाला. "एरंडेल पाजावं लागंल. पाजलं न्हाई तर चार दिवसांत जाती. ही नागीन हाये, साधं काम न्हाई. इख हाये हिच्यात."

"न्हाई रे," मी म्हणालो. "धामण हाये ती. मला चावली कितीदा."

"तुमाला शिकवाया आलो न्हाई मी," लखमा म्हणाला. "साप कोन धरतं? तुमी का मी?"

तातेराव म्हणाला, "दाजी, पाजू द्या. का हिचंबी मरन बघायचंय तुमाला?"

चार दिवसांत जाते, हे मी ऐकलं आणि हो म्हणालो. ते लपवत नाही. हो मी म्हणालो.

भर दुपार होती. अंगणात लखमा उकिडवा बसला, पिवळीचं डोकं दोन बोटांत धरून. तातेरावानं तिचं अंग दोन्ही हातांनी आवळून धरलं.

"एवढं आवळू नगा," लखमा म्हणाला.

"सुटली म्हंजे?"

"सुटत न्हाई. तोंड उघडाया कायतरी पातळ लोखंडी आना."

मामी आत गेल्या. एका हातात एरंडेलाची वाटी आणि दुसऱ्या हातात उलथणं घेऊन बाहेर आल्या. तेच उलथणं. माझ्या घरात दुसरं नव्हतं. दीड-दोन महिने आम्ही त्यानंच भाकरी उलटत होतो. मामीनं ते लखमाच्या हातात दिलं, आणि त्यानं पिवळीच्या ओठाच्या कोपऱ्यात टोक दाबलं. तिनं सगळं अंग ताणलं. रक्ताचा एक थेंब पांढऱ्या हनुवटीवर आला.

"सोड," मी म्हणालो.

"आता कुठं सोडता," लखमा म्हणाला.

"सोड म्हनलं ना!" मी त्याच्या छातीवर लाथ घातली. तो मागं पडला, मामीच्या हाताला धक्का लागून वाटी उडाली, तेल तातेरावाच्या तोंडावर. पिवळीचं डोकं सुटलं. तातेरावानं अंग सोडलं नाही, उलट जास्त आवळलं, आणि ओरडला, "तुला हिलाबी मारायची हाये! माझ्या बहिनीचे दात कुनी पाडले? सांग! कुनी पाडले?"

"सोड तिला."

"मुठीनं मारलंस का दगडानं?"

मी त्याच्या कानशिलावर बुक्की मारली. तो पडला, पण एका हातानं पिवळी धरूनच. दुसऱ्या हाताला त्याला बैलगाडीच्या जुवाचं शिवळ लागलं. हातभर लांब लाकडी दांडकं ते. मी वाकलो होतो, त्याचा हात उघडत होतो. त्यानं शिवळ माझ्या डाव्या मनगटावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला, दुखणं मागाहून आलं. त्यानं दुसरं घातलं खांद्यावर. मी त्याच्या अंगावर पडलो आणि डोक्यानं त्याच्या नाकावर धडक दिली. त्याचं नाक फुटलं. आमच्या दोघांच्या मध्ये पिवळी चेपत होती, आणि चेपता चेपता ती वळली आणि तातेरावाच्या अंगठ्याखालच्या मांसाला चावली. धरूनच राहिली. त्यानं झटका दिला तसं मांस फाटलं.

मग त्यानं सोडलं. पिवळी अंगणातून सरपटत बळदाच्या भोकात गेली.

तातेराव हाताकडं बघत बसला. रक्त कोपरापर्यंत उतरलं होतं. लखमाकडं बघून म्हणाला, "नागीन म्हनालास ना तू?"

लखमानं टोपली उचलली. त्यानं तेव्हा खरं सांगायला पाहिजे होतं. तो म्हणाला, "मी आवळू नगा म्हनलं व्हतं," आणि निघून गेला.

"डसली! माझ्या लेकराला नागीन डसली!" मामी गल्लीत धावल्या.

"तात्या, काय होत न्हाई," मी त्याला सांगत होतो. "धामण हाये. हे बघ, मलाबी चावलीय." तो माझ्या तोंडावर थुंकला.

पाच मिनिटांत गल्ली भरली. कुणी त्याच्या दंडाला सुती दोर आवळला, कुणी त्याला उचललं आणि मारुतीच्या देवळात नेलं. आमच्याकडं साप चावलेल्याला तिथं ओट्यावर निजवतात आणि कडुलिंबाचा पाला चावायला देतात. कडू लागला तर विष चढलं नाही. कडू लागला नाही तर चढलं. तातेरावाचं तोंड भ्यानं कोरडं पडलं होतं, नाकातलं रक्त घशात उतरत होतं. तो पाला चावत राहिला आणि म्हणाला, "माय, कडू लागंना गं." एवढं बोलून त्यानं डोळे फिरवले आणि मागं पडला. दात घट्ट बसले.

"दातखीळ!" कुणीतरी म्हणालं.

अमृतराव पाटील आले होते. त्यांनी काय झालं विचारलंही नाही. "चार जन काठ्या घ्या," ते म्हणाले. "कोंडीबाच्या घरी चला. किती वर्सं सांगून राहिलो मी. बळद खांदा, पन नागीन सुटू देऊ नका." माणसं निघाली. एकाच्या खांद्यावर कुऱ्हाड होती.

मी त्यांच्यामागं निघालो. माझा डावा हात लोंबत होता, पण मी दारात आडवा पडलो असतो, मला मारल्याशिवाय त्यांना आत जाता आलं नसतं. देवळाच्या पायरीवर एक पाय ठेवला आणि मागं वळून पाहिलं. मामी गर्दीतून वाट काढत येत होत्या. एका हातात तांब्या, एका हातात उलथणं. घरी जाऊन घेऊन आल्या होत्या. तातेरावाचं डोकं एका म्हातारीनं मांडीवर धरलं होतं, दोन गडी खांद्यांवर बसले होते.

काठ्यावाले वळणावरून दिसेनासे झाले.

मी परत ओट्यावर चढलो. मामीनं उलथणं दातांशी नेलं होतं. मी मनगट पकडून त्यांचा हात मागं ओढला.

"मामी, न्हाई."

"सोडा! लेकरू मरून राहिलं माझं!"

"न्हाई मरत. गप पडू द्या त्याला. पाणी नका घालू."

"ह्यो त्याला मारायला बसलाय," एक गडी ओरडला. "आत्ताच नाक फोडलं त्याचं!" मला मागून कुणी ओढलं. माझ्या पोटात लाथ बसली. मी तातेरावाच्या अंगावर पडलो आणि उजवा तळहात त्याच्या तोंडावर झाकण घातल्यासारखा ठेवला. नाक मोकळं सोडलं. ते मला मारायला लागले. पाठीत, बरगड्यांत, मोडलेल्या हातावर. कुणाच्या हातात वहाण होती, कुणाच्या हातात देवळातली घंटेची साखळी. माझं डोकं फुटलं आणि रक्त तातेरावाच्या कपाळावर पडायला लागलं. मी एकच ओरडत होतो, "हेच केलं आपन! मामी, हेच केलं आपन तिला! सांगा त्यांना!"

किती वेळ मारलं सांगता येणार नाही. मग मामीचा आवाज आला. मोठा नव्हता.

"सोडा त्यांना. जावई खरं सांगत्यात."

साखळी थांबली.

"शकीला अशीच दातखीळ बसली व्हती," मामी म्हणाल्या. त्या खाली बसल्या होत्या, तांब्या कलंडला होता. "मीच म्हनलं, उघडा. मी डोकं धरलं, ह्यांनी उलथणं घातलं. दात मोडले. मी पाणी वतलं. नाकातून येत व्हतं तरी वतलं. लेक माझ्या मांडीवर बुडाली."

मी तातेरावाच्या दंडाचा दोर दातांनी सोडला. त्याचा हात काळानिळा पडला होता. मी त्याच्या तोंडावर हात ठेवून बसून राहिलो. थोड्या वेळानं त्याचा जबडा आपोआप सैल झाला. त्यानं डोळे उघडले, माझ्याकडं पाहिलं, मग आईकडं. तो कधीपासून ऐकत होता मला माहीत नाही. उठून बसला आणि पाणी मागितलं. तांब्या स्वतः धरून प्यायला.

मी घरी गेलो. जायला उशीर झाला होता, हे वाटेतच कळलं, कारण काठ्यावाले परत येत होते आणि माझ्याकडं बघत नव्हते.

बळदाची भिंत खालून हातभर फोडली होती. ज्वारी अंगणभर सांडली होती. पिवळी त्या ज्वारीत पडली होती. डोकं चेचलं होतं, आणि मागच्या भागावर कुऱ्हाडीचा घाव होता. घावातून पांढरी लांबट अंडी बाहेर आली होती. मऊ कवचाची, एकमेकांना चिकटलेली. तेरा होती. चार फुटली होती. उरलेलीही अर्धवटच होती, त्यांतून काही निघण्यासारखं नव्हतं.

आतडं अडकलं नव्हतं. तिला भूक नव्हती. अंडी घालून झाली असती म्हणजे खाल्लं असतं तिनं. नुसतं थांबायचं होतं.

मी एका हातानं परसात खड्डा केला. कुदळ नीट चालेना. अर्धा खड्डा झाला तेव्हा तातेराव आला. हाताला फडकं बांधलेलं, नाक सुजलेलं. त्यानं माझ्या हातातून कुदळ घेतली आणि डाव्या हातानं खणायला लागला. पिवळीला उचलायला त्यानं वरून हात नेला. मी म्हणालो, खालून हात घाल. त्यानं घातला. अंडीही त्यानंच एकेक करून ठेवली.

माती लोटून झाल्यावर तो तिथंच मातीत बसला. माझ्या मनगटाकडं पाहून म्हणाला, "सकाळी हिंगोलीला जाऊ. मोहनसिंगला सांगतो."

"बरं."

त्यानं कुदळीला चिकटलेली माती बोटानं काढली.

"दाजी, एक विचारू?"

"विचार."

"तिनं पाणी मागितलं व्हतं का?"

मला वाटलं होतं तो दुसरं काही विचारेल. त्याचं उत्तर मी तयार ठेवलं होतं.

"न्हाई," मी म्हणालो. "नको म्हनत व्हती."

"दात बसल्याले व्हते म्हनता. मंग म्हनली कशी?"

"हातानं," मी म्हणालो. "दोनदा उलथणं धरून बाजूला सारलं तिनं. मंग मी हात बांधले तिचे."

तातेराव उठला नाही. मीही उठलो नाही. आतून मामी सांडलेली ज्वारी गोळा करत असल्याचा आवाज येत होता.